देवभातातलं कडा करप्याविरुद्धचं जनुक कसं हुडकायचं

कुडाळजवळच्या आमच्या गावच्या तळ्यात देवभात, म्हणजे रानटी भात, उगवतं. लांब तांबूस कुसळं आणि नीट पिकायच्या आतच गळून पडणारे दाणे. खाचरात शिरलं की बाबा ते उपटून बांधावर फेकायचे. आजी मात्र दिवाळीच्या सुमारास तळ्याकाठी जाऊन तेच टोपलीत झटकून आणायची आणि डब्यात जपून ठेवायची. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नसतं, त्या दिवशी तो भात शिजायचा. मी हैदराबादेत भाताच्या रोगांवर काम करते आणि गेली नऊ वर्षं मला पगार मिळतो तो याच गवताचा.

दरवर्षी कृषी महाविद्यालयांतली दोनतीन मुलं फोन करतात. प्रश्न ठरलेला : "ताई, सिक्वेन्सिंगला खर्च किती येईल?" सिक्वेन्सिंग म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घेणं. मी विचारते, "रोग लावून पाहिलात का?" पलीकडे शांतता. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते. उदाहरण कडा करप्याचं घेतलंय, म्हणजे झँथोमोनास जिवाणूमुळे पानाच्या कडेने पिवळा-पांढरा पट्टा उतरत येतो त्या रोगाचं. बुरशीच्या करप्यावर काम असेल तर रोग लावायची पद्धत बदलेल, बाकी वाट हीच.

रानटी भाताच्या मागे का लागायचं, याला दोन जुनी उदाहरणं पुरे आहेत. ग्रासी स्टंट या विषाणूला दाद न देणारं भात शोधायला फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६,००० हून अधिक नमुने तपासले. उपयोगी पडला तो एकच, उत्तर प्रदेशातून गेलेला ओरायझा निवारा या रानटी भाताचा. आयआर-३६ सारख्या वाणांत तो गुण तिथूनच आला. निवारा म्हणजे आपल्या संस्कृतातला नीवार, शास्त्रीय नावात तसाच राहिलेला. दुसरं उदाहरण एक्सए-२१ चं. कडा करप्याला अडवणारं हे जनुक आफ्रिकेतल्या मालीच्या ओरायझा लाँगिस्टामिनाटा या रानटी भातातलं. १९९५ मध्ये ते वेगळं काढलं गेलं, आणि २००८ मध्ये आमच्या हैदराबादेतून सुधारित सांबा मसुरी बाहेर पडली तेव्हा तिच्यात एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ अशी तीन जनुकं एकत्र होती. ६,००० मधला एक, हा आकडा लक्षात ठेवा. तळ्यातून एक मूठ बी आणून थेट सिक्वेन्सिंगला धाडणाऱ्यांसाठी तो आहे.

बी गोळा करणं

आमच्या तळ्यातलं देवभात बारमाही, म्हणजे ओरायझा रुफिपोगॉन ही जात. देशावर डबक्यात उगवून उन्हाळ्यात मरून जाणारं बहुतेक निवारा असतं. हा फरक पुढे फार छळतो, म्हणून आत्ताच टिपून ठेवा. निवारा मुख्यतः स्वतःच्याच परागांवर दाणा धरतं. रुफिपोगॉन शेजाऱ्यांशीही संकर करतं, त्यामुळे एकाच झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती सापडू शकतात. शिवाय शेजारी खाचर असेल तर लागवडीच्या भाताचं रक्त त्यात मिसळलेलं असतं. तुम्ही "रानटी" म्हणून मिरवत असलेलं जनुक शेजारच्या शेतातून आलेलं निघू शकतं. म्हणून खाचरापासून लांबची तळी निवडा आणि झाडागणिक वेगळी पाकिटं करा. सगळ्या तळ्याचं बी एका पिशवीत कोंबू नका.

दाणे गळतात, त्यामुळे लोंबी बाहेर पडून आठदहा दिवस झाले की तिला मलमलची पिशवी बांधायची. मी पहिल्या वर्षी गुडघाभर पाण्यात उभी राहून हे करत होते, तेव्हा म्हशी घेऊन आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "गवत कित्याक नेतंस गो?" मी पाच मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हशी दुसऱ्या काठाने उतरवल्या. तेवढ्याने माझ्या बारा पिशव्या वाचल्या.

ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिला आधी कळवा. राज्य जैवविविधता मंडळाचे कागद कोणते लागतील ते आपल्या संस्थेत विचारून घ्या. बी किंवा डीएनए परदेशी पाठवायचं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा विषय येतो आणि त्यात महिने जातात. बियाचा एक वाटा दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत जमा करून त्याचा आयसी क्रमांक घ्या. हे काम सगळे शेवटावर ढकलतात. मीही ढकललं होतं, आणि मधल्या काळात आमच्या त्या तळ्याला सिमेंटचा काठ झाला.

घरी आणलेलं ताजं बी पेरलं तर उगवणार नाही, त्याला सुप्तावस्था असते. ५० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच दिवस ठेवा, मग तूस काढून ओल्या कागदावर घाला. तूस नखाने काढायचं, चिमट्याने अंकुर दुखावतो.

कात्री

अख्ख्या कामातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक पायरी. पद्धत १९७० च्या दशकातली आहे आणि अजून तिला पर्याय नाही. रोगट पानावरून जिवाणू वेगळा काढायचा. आधी तो कडा करपाच आहे ना, हे बघायला काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि रोगट पान कापून त्याचं तोंड पाण्यात बुडवा. दोनपाच मिनिटांत कापल्या जागेतून धुरासारखी पांढरट धार खाली उतरताना दिसते. ती दिसली नाही तर पुढे जाऊ नका. पेप्टोन सुक्रोज आगरवर २८ अंशांना दोनतीन दिवसांत पिवळे, चिकट ठिपके येतात. ते पाण्यात कालवून दर मिलिलिटरला सुमारे १०० कोटी जिवाणू होतील एवढं दाट करायचं.

कात्री त्या पाण्यात बुडवायची आणि पानाचं टोक दोनतीन सेंटिमीटर कापायचं. झाडागणिक पाच पानं. वेळ संध्याकाळची, कारण दुपारच्या उन्हात कापलेलं टोक वाळून जातं आणि जिवाणू आत शिरायच्या आत मरतो. १४ दिवसांनी पट्टी घेऊन बसायचं आणि कापल्या जागेपासून डाग किती उतरला ते मोजायचं. पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर रोगप्रतिकारक धरायचं. शेजारी टीएन-१, म्हणजे हमखास रोग लागणारं वाण, लावलेलं असायलाच हवं. त्याच्यावर डाग हातभर गेला नसेल तर तुमचा जिवाणू मेलेला आहे आणि सगळी रोपं निरोगी दिसतायत ती त्यामुळेच.

इथे तीन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, देवभाताचं पान अरुंद असतं आणि नुसत्या कात्रीनेही त्याचं टोक सेंटिमीटरभर वाळतं. म्हणून काही पानं साध्या पाण्यात बुडवलेल्या कात्रीने कापा आणि तेवढं वजा करा. दोन, रोप लहान असताना चाचणी करून मोकळं होऊ नका. एक्सए-२१ कोवळ्या रोपात जवळजवळ काम करत नाही, झाड मोठं झाल्यावर करतं. तरव्यातच चाचणी घेतली असती तर जगातलं सर्वांत गाजलेलं कडा करप्याचं जनुक कचऱ्यात गेलं असतं. फुटवे भरात असताना कापा. तीन, एकाच जिवाणूवर विसंबू नका. वेगवेगळ्या जिल्ह्यांतले निदान पाचसहा घ्या, आणि सोबत आयआरबीबी मालिकेच्या ओळी लावा. त्या प्रत्येकीत एकेक ओळखीचं जनुक आहे. तुमच्या देवभाताचं पाच जिवाणूंपुढचं वागणं हुबेहूब आयआरबीबी-१३ सारखं असेल, तर बहुधा तुम्ही एक्सए-१३ च पुन्हा शोधताय. ओळखीच्या जनुकांचे मार्कर, म्हणजे ते जनुक आहे की नाही हे दाखवणाऱ्या डीएनएतल्या खुणा, आधीच चालवून बघा. दोन दिवसांचं पीसीआर दोन वर्षं वाचवतं.

संकर आणि दुसरी पिढी

लागवडीचं भात मादी घ्या, देवभात नर. उलट केलं तर झालेला दाणा संकराचा की स्वतःच्याच परागाचा, हे कळत नाही. असं केलं की संकरित रोपाला कुसळं येतात आणि ते पसरट वाढतं, लांबून ओळखू येतं. मादी म्हणून मी सांबा मसुरी घेते, म्हणजे जुनी बीपीटी-५२०४. ती कडा करप्याला लगेच बळी पडते आणि तिच्याबद्दल माहितीही भरपूर आहे. देवभात दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, म्हणून मसुरी दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीनचारदा पेरा. एखादी तरी गाठ पडते.

संकरित रोपाच्या स्वतःच्याच बियातून दुसऱ्या पिढीची दोनशेच्या आसपास रोपं वाढवा आणि सगळ्यांवर कात्री चालवा. समजा २१२ रोपांत १६३ निरोगी आणि ४९ रोगट निघाली. तीनास एक धरलं तर अपेक्षा १५९ आणि ५३ ची. फरक दोन्हीकडे ४. काय-वर्ग, म्हणजे फरक नुसता योगायोगाचा आहे का ते तपासायचा आकडा : १६ भागिले १५९ अधिक १६ भागिले ५३, म्हणजे ०.४०. मर्यादा ३.८४ ची आहे, तेव्हा एकच प्रभावी जनुक, म्हणजे एका प्रतीनेही गुण दाखवणारं, मानायला हरकत नाही. उलट एकास तीन आलं तर जनुक अप्रभावी, एक्सए-५ किंवा एक्सए-१३ सारखं. आणि काहीच धड बसत नसेल तर घाबरू नका. दूरच्या संकरात वांझपणामुळे काही रोपं जन्मालाच येत नाहीत आणि प्रमाण बिघडतं.

प्रत्येक रोपाच्या लोंबीला पिशवी बांधून तिसऱ्या पिढीचं बी राखा. आणि लेबलं पेन्सिलीने लिहा. पहिल्या खेपेला मी छान निळ्या जेल पेनने लिहिली होती. श्रावणातल्या एका रात्रीत ३४ रोपं अनाथ झाली. डाग मोजलेले होते, पण कुणाचे ते सांगायला कुणी नव्हतं.

तिसऱ्या पिढीचं बी का राखायचं? दुसऱ्या पिढीतलं निरोगी रोप शुद्ध आहे की त्यात एकच प्रत आहे, हे त्याच्या पंधरावीस लेकरांवर कात्री चालवल्यावर कळतं. आणि जे रोप चुकून कात्रीतून सुटलं म्हणून निरोगी दिसलं, तेही इथे पकडलं जातं. पुढे निरोगी आणि रोगट रोपांच्या डीएनएचे दोन गठ्ठे करायचेत, त्यांत असं एक चुकीचं रोप गेलं तरी पुढचा आलेख धूसर होतो.

डीएनए

दोन प्रकारचा लागेल. गठ्ठ्यांसाठी साधा सीटॅब पद्धतीचा चालतो : २० अगदी निरोगी रोपं एका गठ्ठ्यात, २० अगदी रोगट दुसऱ्यात. प्रत्येकाचा डीएनए वेगळा काढून, क्युबिट या यंत्रावर मोजून, सारख्या वजनाने एकत्र करायचा. पानं वजन करून एकत्र कुटू नका. नॅनोड्रॉप या दुसऱ्या यंत्राचा आकडाही इथे भरवशाचा नाही, तो आरएनएलाही डीएनए समजतो.

देवभाताच्या मूळ झाडासाठी मात्र लांब अखंड धागे हवेत. झाड दोन दिवस अंधारात ठेवा, पानातला स्टार्च उतरतो. सर्वांत कोवळी पानं द्रव नायट्रोजनमध्ये कुटा, आधी केंद्रकं वेगळी करा आणि मग पेशी फोडा. पीव्हीपी घाला, नाहीतर अर्क चहासारखा तांबडा होतो. क्लोरोफॉर्म घातल्यावर नळी हाताने हळूहळू उलटसुलट करायची. मी पहिल्यांदा सवयीने व्हॉर्टेक्सवर, म्हणजे नळी जोरात हलवणाऱ्या यंत्रावर, धरली. पंधरा सेकंद. जेलवर वरती घट्ट पट्टा दिसायला हवा होता, तिथे खालपर्यंत ओघळलेली पुसट शेपटी दिसली आणि मला नवं झाड वाढवायला लागलं. पिपेटची टोकंही रुंद तोंडाची घ्या, नसतील तर कात्रीने छाटा.

रुफिपोगॉन असेल तर शक्य झाल्यास आधी एकदोन पिढ्या स्वपरागण करून घ्या. दोन वेगळ्या प्रतींचं कोडं थोडं सोपं होतं.

काय वाचायचं, किती वाचायचं

भाताचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, लहान आहे. २००५ साली निप्पॉनबारे या जपानी वाणाचा पूर्ण नकाशा जाहीर झाला, त्याची लांबी सुमारे ३८ कोटी ९० लाख अक्षरं. १२ गुणसूत्रं. त्यातल्या ११ व्या गुणसूत्राचा मोठा भाग भारतातल्या गटांनी वाचला होता, आणि योगायोग असा की रोगप्रतिकारक जनुकांची सर्वांत दाट वस्ती त्याच ११ व्या गुणसूत्रावर आहे.

गठ्ठ्यांसाठी इल्युमिना यंत्राची तोकडी वाचनं, प्रत्येकी ५० पट, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा वाचलं जाईल इतकी : दर गठ्ठ्याला साधारण २० गिगाबेस (२,००० कोटी अक्षरं). मूळ देवभातासाठी पॅकबायो यंत्राची हायफाय वाचनं, ३० पट, म्हणजे १२ गिगाबेस. हायफायचं एकेक वाचन १५ ते २० हजार अक्षरांचं असतं आणि चुका अगदी कमी. मसुरीचीही तोकडी वाचनं करून घ्या. गव्हावाले एनएलआर जनुकं, म्हणजे रोगाची चाहूल घेणाऱ्या प्रथिनांची जनुकं, गळ टाकून तेवढीच वाचतात, त्याला रेनसेक म्हणतात. त्यांचा जीनोम १,६०० कोटींचा, त्यांना ते परवडतं. आपला लहान आहे, आपण सगळाच वाचावा. शिवाय एक्सए-२१ हे एनएलआर नव्हेच, ते पेशीच्या आवरणात बसलेलं रिसेप्टर कायनेज आहे. त्या गळाला ते लागलंच नसतं.

पैसे कमी असतील तर हायफाय वगळून निप्पॉनबारेवरच काम भागवायचा मोह होतो. या सगळ्या लेखात एकच गोष्ट हट्टाने सांगायची असेल तर ती ही : तो मोह आवरा. तुम्ही देवभाताकडे गेलात ते लागवडीच्या भातात नसलेलं काहीतरी शोधायला. जे निप्पॉनबारेत नाहीच, त्याची वाचनं त्या नकाशावर जागा न मिळाल्याने बाजूला पडतात किंवा भलत्याच भावंड-जनुकावर जाऊन चिकटतात. आलेखात शिखर दिसेल, पण शिखराखाली जनुक दिसणार नाही. अशा तऱ्हेने दीड वर्ष एका निर्दोष जनुकामागे घालवलेला एक प्रबंध मी तपासलाय.

जोडणी आणि शिखर

हायफायॲस्म या कार्यक्रमाने वाचनांची जोडणी करा. एवढ्या जीनोमला ६४ जीबी मेमरीचं मशीन पुरतं, रात्री लावलं की सकाळी तयार. रुफिपोगॉनच्या दोन्ही प्रती तो वेगवेगळ्या काढून देतो, दोन्ही जपा. तुमचं जनुक दोहोंपैकी एकीतच असू शकतं. बुस्को चालवून जोडणी किती पूर्ण आहे ते बघा.

आता दोन्ही गठ्ठ्यांची वाचनं या देवभाताच्या नकाशावर बसवा आणि प्रत्येक बदलाच्या जागी देवभाताचं अक्षर किती टक्के वाचनांत आहे ते काढा. हा झाला एसएनपी-निर्देशांक (एसएनपी म्हणजे एका अक्षराचा बदल). जिथे जनुकाचा संबंध नाही तिथे दोन्ही गठ्ठ्यांत तो ०.५ च्या आसपास घुटमळतो. इथे नवखी मुलं जनुकापाशी निरोगी गठ्ठ्यात १ शोधत बसतात आणि सापडत नाही म्हणून रडकुंडीला येतात. दुसऱ्या पिढीत, प्रभावी जनुक असताना, १ येणारच नाही. निरोगी रोपांत एक शुद्ध असतं आणि दोन मिश्र : सहा प्रतींपैकी चार देवभाताच्या. म्हणजे ०.६७. रोगट गठ्ठ्यात शून्य. फरक ०.६७, तेच तुमचं शिखर. जनुक अप्रभावी असेल तर निरोगी गठ्ठ्यात १ आणि रोगट गठ्ठ्यात ०.३३. फरक तोच येतो, म्हणून नुसता फरकाचा आलेख बघून भागत नाही, दोन्ही गठ्ठे वेगवेगळे काढा. तिसऱ्या पिढीची चाचणी करून फक्त शुद्ध निरोगी रोपं निवडली असतील, तरच प्रभावी जनुकापाशी १ दिसेल.

एखाद्या ठिकाणी दोन्ही गठ्ठे एकाच दिशेला झुकलेले दिसतात, पण फरक शून्य. ती जागा वांझपणाच्या जनुकाची असते. तिला हात जोडा आणि पुढे जा.

मग आयजीव्ही हा वाचनं दाखवणारा कार्यक्रम उघडून शिखराचा भाग डोळ्यांनी बघा. कार्यक्रमाने काढलेल्या यादीवर मी यानंतरच विश्वास ठेवते. वरच्या पट्टीत निरोगी गठ्ठ्याची वाचनं विटांसारखी रचलेली, खालच्या पट्टीत रोगट गठ्ठ्याची. सरकवत जा. माझ्या पहिल्या यशस्वी खेपेला खालच्या विटा विरळ होत गेल्या आणि पुढे जवळजवळ ४० हजार अक्षरं कोरी होती, नंतर पुन्हा विटा. मसुरीत तो तुकडाच नव्हता. मी खुर्ची मागे सारून कॅन्टीनमध्ये जाऊन आले आणि परत तेच बघितलं.

शिखराखालची गर्दी

शिखर साधारण १० ते २० लाख अक्षरं रुंद निघतं. भातात दर १० लाखांत शंभरेक जनुकं असतात, तेव्हा तुमच्यापुढे शंभर-दोनशे संशयित. एनएलआर-ॲनोटेटर चालवा, किंवा पीफॅम या प्रथिनांच्या संग्रहातल्या पीएफ-००९३१ या साच्याने एनबी-एआरसी हा एनएलआरची ओळख पटवणारा भाग शोधा. ही जनुकं घोळक्याने राहतात आणि काही जोडीने काम करतात, पाठीला पाठ लावून. एकाला उचलून दुसऱ्याला सोडलं तर गुण उतरत नाही.

माझी मोठी चूक इथली. जीनोममधली पुनरावृत्ती झाकून मग जनुकं शोधायची, असा रिवाज आहे. मी तो निमूट पाळला आणि एनएलआर निघाली १८० च्या आसपास. निप्पॉनबारेत ती सुमारे ५०० आहेत. आनंदाने "देवभातात कमी जनुकं" असं सादरीकरणही केलं. मागच्या बाकावरच्या एका ज्येष्ठ मॅडमनी एवढंच विचारलं, "झाकलंस का आधी?" एनएलआर एकमेकांसारखी इतकी असतात की झाकणारा कार्यक्रम त्यांनाच पुनरावृत्ती समजून झाकून टाकतो. तेव्हापासून मी हा शोध न झाकलेल्या जोडणीवरच घेते.

आणि एनएलआरवरच थांबू नका. एक्सए-१३ हे साखर वाहून नेणाऱ्या जनुकाच्या प्रमोटरमधला, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या त्याच्या आधीच्या भागातला, बदल आहे. जिवाणू ते जनुक चालू करून स्वतःचं पोट भरतो, आणि प्रमोटर बदलल्यामुळे त्याची किल्ली लागत नाही. एक्सए-५ मध्ये एका नेहमीच्या कामकरी प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललंय. सर्वांत फसवं एक्सए-२७, ओरायझा मिनुटातून आलेलं : निरोगी आणि रोगट भातात त्याचं प्रथिन अगदी एकसारखं, फरक आहे तो फक्त प्रमोटरमध्ये. नुसते प्रथिनातले बदल चाळून संशयित गाळले असते तर ते पहिल्याच चाळणीत उडालं असतं. म्हणून प्रत्येक जनुकाच्या आधीची दोन हजार अक्षरंही मसुरीशी ताडून बघा. रोग लावल्यावर २४ आणि ४८ तासांनी पानांचा आरएनए वाचून घ्या. साध्या पाण्याने कापलेल्या पानात गप्प आणि जिवाणूने कापलेल्यात जागं होणारं जनुक यादीत वर घ्या.

खात्री

शिखराच्या दोन्ही कडांना पीसीआरचे मार्कर बनवा, जिथे देवभातात तुकडा कमी-जास्त असेल तिथे, म्हणजे साध्या अगारोजवर फरक दिसतो. मिश्र रोपांचं बी पेरून हजारभर रोपं तपासा आणि ज्यांत दोन मार्करांच्या मध्ये तुटलंय, म्हणजे देवभात आणि मसुरीच्या तुकड्यांची अदलाबदल झालीय, तेवढीच ठेवा. त्यांच्यावर पुन्हा कात्री. भातात सरासरी अडीच लाख अक्षरांमागे एक सेंटिमॉर्गन, म्हणजे शंभरात एकदा अदलाबदल होण्याइतकं अंतर, येतो, पण रानटी तुकड्यात अदलाबदल कमी होते, कधी होतच नाही. कोऱ्या ४० हजारांच्या आत तर तुटायला समोर जोडीदारच नाही. तिथे नकाशा थांबतो, पुढे क्रिस्पर या जनुक बदलायच्या तंत्राने एकेक संशयित बंद करून बघायचा. निरोगी ओळीत बंद केला आणि डाग हातभर उतरला, तर तोच. उलट बाजूनेही सिद्ध करा : जनुक त्याच्या स्वतःच्या प्रमोटरसह रोगट वाणात घाला. एक्सए-२१ चं असंच तायपेई-३०९ मध्ये घालून दाखवलं होतं. दोन्हींपैकी एकावर भागवलं तर परीक्षक दुसरं मागणारच.

वाचनांची मूळ माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात जमा करा. फाइलींची नावं पेन्सिलीच्या लेबलांशी जुळतात ना ते त्याआधी बघा.

शेवटी मार्कर आणि बी पैदासकाराच्या हाती द्यायचं. तिथे जनुकाच्या रचनेबद्दल कुणी विचारत नाही. आमच्या पैदासकारांचा पहिला प्रश्न होता, "दाणा लाल निघतो का? आणि गळतो का?" रानटी तुकडा एकटा येत नाही, शेजाऱ्यांना घेऊन येतो. लाल दाण्याचं आरसी जनुक ७ व्या गुणसूत्रावर आहे, दाणे गळवणारं एसएच-४ चौथ्यावर. तुमचं शिखर यांपैकी एकाच्या जवळ असेल तर ते आधीच सांगा आणि दोन्ही बाजूंना तुटलेली ओळ निवडूनच द्या. मी दिली ती ओळ तिसऱ्या प्रतीप संकरातली, म्हणजे लागवडीच्या वाणाशी तीनदा पुन्हा संकर केलेली, होती. कुसळं गेली होती, दाणा पांढरा होता, लोंबी हातात धरून झटकली तर दोनच दाणे पडले. त्यांनी ते दोन उचलून दातांखाली धरले आणि वहीत लिहिलं, "चालेल, अजून दोन पिढ्या."